गाळलेले दाब

१

शाळेत एक दिवसही न शिकवता त्या गृहस्थांचं नाव मास्तर पडलं होतं. दुसऱ्याच्या कोडमध्ये एखादी मोकळी जागा जास्त सुटली, तरी ते सगळ्यांना एकदम पत्र जाणाऱ्या मेलिंग लिस्टवर तीन परिच्छेदांचं पत्र लिहीत आणि शेवटी 'पुन्हा करून पाठवा' असं बजावत. ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून जी ऑपरेटिंग सिस्टीम बनवतात आणि सगळ्यांसाठी उघडी ठेवतात, तिच्यातले चार बारके ड्रायव्हर मास्तरांच्या ताब्यात होते. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषा. चारही यंत्रं जुनी, बनवणाऱ्या कंपन्या केव्हाच गुंडाळलेल्या, वापरणारे बोटांवर मोजण्याइतके. पण मास्तरांना त्या चौघांचं पोटच्या लेकरांइतकं कौतुक होतं, आणि लेकरांचं चुकलेलं आईबापांना जसं उशिरा दिसतं तसंच इथेही होतं.

रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी दीड तास ते मागच्या खोलीत बसत. खोली कसली, अडगळच. एक टेबल, दोन संगणक, भिंतीला कपाट, कपाटावर खोकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत. बायको चहा दाराशी ठेवून जाई. आत येत नसे, कारण वायरींनी पाय टाकायला जागा ठेवली नव्हती.

त्या शनिवारी त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतः लिहिलेलं तपासणीचं अवजार चालू केलं. ते एका बटणाच्या ड्रायव्हरसाठी होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी बनवलेलं बटण. ज्यांना बोलता येत नाही, हात उचलता येत नाही, ते अंगठ्याने तेवढं बटण दाबतात आणि पडद्यावरच्या चौकटीतून एकेक अक्षर निवडतात. अवजार दोनच आकडे दाखवी. घेतलेले दाब किती, आणि गाळलेले दाब किती. फारच थोडा वेळ टिकलेला दाब ड्रायव्हर गोंगाट समजून गाळून टाकी. बटण जोडलेलंच नसलं तर अर्थातच दोन्हीकडे शून्य.

घेतलेले, शून्य. गाळलेले, चौदा.

मास्तरांनी वाकून संगणकाच्या मागे पाहिलं. कीबोर्डची वायर, माउसची वायर, बस्स. बटण कुठेही जोडलेलं नव्हतं. मान वर करेपर्यंत पंधरा झाले होते.

"मोजणीत चूक आहे," ते स्वतःशीच म्हणाले आणि चहाचा कप उचलला. स्वतःच्या कोडमध्ये चूक आहे असं त्यांनी इतक्या चटकन कबूल करावं, हे काही नेहमीचं नव्हतं.

२

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मास्तरांनी ती कुणालाही सांगितली नव्हती.

दीड महिन्यापूर्वी कुणाची तरी तक्रार आली होती, की बटण एकदा दाबलं तर दोनदा लागतं. मास्तरांनी उपाय काढला. तीस मिलिसेकंदांहून कमी टिकलेले दाब आपण गाळतो, आता ऐंशीहून कमी टिकलेले सगळे गाळायचे. एका आकड्याचा बदल. पण या मंडळींत एक रीत आहे. बदलाच्या खाली, तो कुणी तपासला आणि कशावर तपासला, याची एक ओळ लिहायची. ती ओळ कुणी पडताळत बसत नाही. तिच्यावर विश्वास ठेवतात, आणि सगळा कारभार त्या विश्वासावर चालतो.

तपासायला बटण घरातच होतं. वर्षापूर्वी एका बाईंनी ते पोस्टाने पाठवलं होतं. त्यांचा थोरला भाऊ असा अंथरुणाला खिळलेला, उजवा अंगठा तेवढा हलणारा. 'आमच्याकडे दोन आहेत, एक तुमच्याकडे असू दे, तुम्हाला तपासायला बरं पडेल,' अशी चिठ्ठी खोक्यावर चिकटवलेली, खाली फोन नंबर. मास्तरांनी लिस्टवर त्यांचे जाहीर आभार मानले आणि खोकं न उघडता कपाटावर ठेवून दिलं. बदल पाठवायच्या शेवटच्या दिवशी ते खोकं काढायला स्वयंपाकघरातून स्टूल आणावं लागलं असतं. मास्तरांनी स्टूल आणलं नाही. बटणाची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. त्याने दोनशे मिलिसेकंदांचे छान ठसठशीत दाब पाठवले, ते सगळे घेतले गेले, आणि मास्तरांनी खाली लिहिलं, 'प्रत्यक्ष यंत्रावर तपासलं.'

दुसऱ्या कुणी असं केलेलं सापडलं असतं, तर मास्तरांनी त्याची चारचौघांत सालटी काढली असती.

तर त्या शनिवारी, आकडा एकवीसवर असताना, त्याच बाईंचं पत्र आलं. 'मास्तर, नवीन अपडेट घातल्यापासून दादाचं बटण लागत नाही. आमच्याकडेच असं होतंय का? तुमच्याकडच्या बटणावर एकदा बघाल का?'

खोकं डोक्याच्या तीन फूट वर होतं. मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांनी लिहिलं, 'माझ्याकडच्या बटणावर व्यवस्थित चालतंय, ताई. वायर तपासून घ्या.' पत्र गेल्यावर त्यांचे कान तापले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. आकडा तोवर तेवीस झाला होता.

३

रविवारी त्यांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने शोध घेतला. पहिल्या संगणकाच्या सगळ्या वायरी काढल्या, तरी आकडा चढत राहिला. दुसरा संगणक सुरू केला, तिथेही चढू लागला, आणि दोघांचे आकडे एकाच क्षणी पुढे सरकत होते. मग त्यांनी प्रत्येक दाब किती वेळ टिकला ते लिहून काढलं. एकसष्ट मिलिसेकंद. अठ्ठावन्न. त्रेसष्ट. सत्तावन्न.

इथे मास्तरांचा हात थांबला. वायरीतला गोंगाट त्यांच्या ओळखीचा होता. तो एक-दोन मिलिसेकंदांचा असतो, कसाही, केव्हाही, पुंजक्याने येतो. हे दाब साठीच्या आसपास घुटमळत होते, आणि दोन दाबांमध्ये दर वेळी तेवढंच थांबणं होतं. सकाळी सातला सुरू होत. नऊच्या सुमारास अर्धा तास बंद पडत, जणू कुणाचं अंग पुसायची वेळ झाली असावी. दुपारी दोन तास काही नाही. संध्याकाळी पुन्हा.

"पुसायची वेळ म्हणे," मास्तर मोठ्याने म्हणाले आणि स्वतःवरच चिडले.

सोमवारी दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून त्यांनी चाळणीला फोन लावला. चाळणी म्हणजे लिस्टवरचा सर्वांत वरचा गृहस्थ. सगळ्यांचे बदल त्याच्या हाताखालून जात, म्हणून ते नाव. मास्तरांचा वीस वर्षांचा मित्र.

"मास्तर! आज सूर्य कुठून उगवला? तू आणि फोन?"

"एक विचारायचं होतं. बटण जोडलेलं नसताना ड्रायव्हर दाब मोजेल का?"

"जोडलेलंच नाही तर दाबतंय कोण?"

"तेच विचारतोय."

"मेमरीतला कचरा असेल रे. एवढं काय? ऐंशीवाला बदल तूच केलास ना? मग मला घोर नाही. तू तपासलं म्हणालास म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवीन आलेल्यांना मी तुझंच उदाहरण देतो, माहितेय? म्हणतो, मास्तरसारखी ओळ लिहायला शिका."

मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. एक वाक्य, आणि सुटका. पण ते म्हणाले, "बरं, ठेवतो, साहेब बोलावतायत." साहेब त्या दिवशी रजेवर होते.

संध्याकाळी बाईंचं दुसरं पत्र आलेलं होतं.

'वायर बदलली, तरी नाही. म्हणजे तुमचं बरोबर, दोष बटणात नाही, दादाच्या अंगठ्यात आहे. डॉक्टर म्हणालेच होते की एक दिवस अंगठाही जाईल. आम्हाला वाटतं अंगठा हलतोय, पण तो आपोआप थरथरत असेल असं ते म्हणतात. डोळे उघडे असतात, पण आत काय चाललंय कळायला मार्ग नाही. येत्या शुक्रवारी सकाळी त्याला शुश्रूषागृहात हलवतोय. तिथे हे यंत्र लावू देत नाहीत, आणि आता त्याचा उपयोग तरी काय. तुम्हाला उगाच त्रास दिला.'

मास्तरांनी ते पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचं धैर्य झालं नाही.

४

बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि स्टूल आणलं.

"काय, अडगळ आवरताय?" बायकोने दारातून विचारलं. मग सवय नसलेल्या त्या उद्योगात नवरा पडेल या भीतीने ती वायरी ओलांडत आत आली आणि तिने स्टूल धरलं. मास्तरांनी खोकं खाली दिलं. तिने ते हातात फिरवून पाहिलं.

"हे त्या बाईंचं ना? तुम्ही तर म्हणाला होतात, रोज वापरता म्हणून."

मास्तर स्टुलावरच उभे.

"अहो, याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाहीये."

ओरडली असती तर परवडलं असतं. खोकं टेबलावर ठेवून ती दाराशी जाऊन थांबली.

बटण रुपयाएवढं होतं, वर काळ्या रबराची टोपी. मास्तरांनी ते जोडलं, नेहमीसारखं दाबलं. घेतलं गेलं. मग त्यांनी हात टेबलावर सैल सोडला, मनगट हलू दिलं नाही, आणि फक्त अंगठ्याच्या टोकाने, जेमतेम, दाबलं. गाळलं गेलं. पुन्हा. गाळलं. दहापैकी दहा गाळले गेले, आणि प्रत्येक दाब साठ मिलिसेकंदांच्या आगेमागे. हे सगळं समजायला चार मिनिटं लागली होती, आणि त्या चार मिनिटांपायी एका माणसाच्या तोंडात बोळा कोंबला गेला होता. मास्तरांना आपल्याच हातांकडे बघवेना.

त्यांनी बटणाची वायर उपसली आणि ते टेबलावर ठेवलं. वायर कशालाच न जोडलेली, टोक लोंबकळणारं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मास्तर बटणाकडे बघत होते म्हणून त्यांना दिसलं, नाहीतर दिसलंही नसतं. रबराची टोपी नखाच्या जाडीइतकी खाली गेली आणि वर आली.

टिक्.

पडद्यावर आकडा एकाने वाढला.

"काय वाजलं हो?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"आत्ता वाजलं. परत वाजलं बघा."

"पंख्याचं असेल," मास्तर म्हणाले, बटण खोक्यात घातलं, आणि खोक्यावर एक जाडजूड शब्दकोश ठेवला. तो का ठेवला, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

५

बायको बाजारात गेल्यावर त्यांनी पहिल्या संगणकावर मर्यादा पुन्हा तीसवर आणली. फक्त आपल्या संगणकावर, फक्त बघायला. मग अक्षरांची चौकट उघडली. त्या चौकटीत ओळी एकामागून एक उजळतात. पहिल्या दाबाने ओळ ठरते, दुसऱ्या दाबाने अक्षर, आणि मग काना-मात्रा असल्यास त्या.

दोन घरांतल्या दोन चौकटी एकाच ठेक्यात फिरत असण्याची शक्यता किती, याचा हिशेब त्यांनी मनात मांडला आणि अर्धवट सोडला. काही येणार नाही, आलंच तर निरर्थक अक्षरं येतील, आणि निरर्थक आली की सिद्ध झालं, हा सगळा मेमरीतला कचरा आहे. आपल्याला नेमकं तेच हवंय, हे त्यांना कळत होतं. तो कचराच निघावा म्हणून ते हात जोडायचे तेवढे बाकी होते.

घेतलेले, एक. ओळ ठरली. घेतलेले, दोन.

'को' यायला मिनिटभर लागलं. मग बराच वेळ ओळी नुसत्या उजळत राहिल्या. जो कुणी होता तो दमला असावा. मग 'ण'.

मास्तर खुर्चीत मागे सरकले. शब्दकोशाखालून टिकटिक येत होती, आणि प्रत्येक 'टिक्'सरशी पडद्यावर काहीतरी हलत होतं.

'कोण ति'

'कोण तिक'

'कोण तिकडे'

दार उघडं होतं. मागे कुणी नव्हतं. पडद्यावर त्या दोन शब्दांपुढे रेघ उघडझाप करत होती, आणि कळफलक मास्तरांच्या हातांपासून वीतभर अंतरावर होता. 'मी' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. ते वाकले, भिंतीवरचं बटण चाचपडलं आणि संगणकाची वीज बंद केली.

भीती वाटली म्हणून, असं ते स्वतःला सांगत राहिले. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. 'मी' म्हटल्यावर पुढचा प्रश्न काय येईल ते त्यांना माहीत होतं.

६

गुरुवारी ते मुकाट्याने ऑफिसला गेले आणि दुपारी परत आले. दुसरा संगणक मोजतच होता. आता दाब लहान होत चालले होते. बावन्न. सत्तेचाळीस. एकदम त्रेचाळीस. मधली थांबणी लांबत होती. उद्या सकाळी माणूस हलवणार होते.

मास्तरांनी लिस्टला पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं पत्र तीन ओळींचं झालं. 'ऐंशीचा बदल मागे घ्यावा. मी तो प्रत्यक्ष यंत्रावर तपासला नव्हता. तपासला असं खोटं लिहिलं, आणि विचारल्यावर पुन्हा खोटं बोललो.' ते पाठवायचं बटण दाबायला त्यांना अर्धा तास लागला.

"पाठवलं," ते दाराकडे बघून म्हणाले.

"कुणाला?" बायको म्हणाली.

"लिस्टला."

"त्या बाई वाचतात का ती लिस्ट?"

मास्तरांनी पडद्याकडे मान वळवली.

"चारशे लोकांना सांगितलंत आणि जिला सांगायचं तिला नाही. फोन करा."

त्यांनी खोक्यावरच्या चिठ्ठीवरून नंबर लावला. बाईंचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. दमलेला, पण ठाम. मास्तर एका दमात बोलून गेले. चूक माझी, अंगठा ठीक आहे, खोकं मी कधी उघडलंच नव्हतं.

"अंगठा ठीक आहे?" बाई म्हणाल्या.

"हो."

"तीन दिवस मी त्याला सांगतेय, दादा, राहू दे, तुझा अंगठा गेलाय. तो डोळे मोठे करून बघायचा माझ्याकडे." मग त्यांनी नाक ओढलं. "सांगा. काय करायचं?"

मास्तरांनी संगणकात टाकायची एक ओळ सांगितली, बाईंनी अक्षर अक्षर करून ती लिहिली, परत वाचून दाखवली. शेवटचा आकडा तीस. एंटर. मग मास्तरांना पलीकडून यंत्राचा एक बारीक बीप ऐकू आला, मग दुसरा.

"अहो," बाई म्हणाल्या, "अहो, लागतंय." आणि फोन तसाच ठेवून त्या भावाकडे धावल्या. बऱ्याच वेळाने कुणीतरी तो बंद केला.

मास्तर टेबलावर कपाळ टेकून बसले. लाज गेली नव्हती, पण तिच्यातून निदान श्वास घेता येत होता. चाळणीचं उत्तर आलं होतं. 'बदल मागे घेतला. बाकी नंतर बोलू.' त्याच्या मानाने हे फारच थोडं होतं, आणि ते थोडंच मास्तरांना जास्त लागलं. तरी त्यांनी बायकोने आणून दिलेलं पाणी प्यायलं. ते म्हणाले, "शुक्रवारचं हलवणं रद्द होईल." बायको म्हणाली, "व्हायलाच हवं."

तासाभराने बाईंचा फोन आला. आवाज ओळखू येऊ नये इतका बदललेला.

"मास्तर, बोलतोय तो! आधी मला शिव्या घातल्या. चांगल्या मोठ्या. मग पाणी मागितलं. उद्याचं सगळं रद्द केलंय. तुमच्यावर राग आहे, नाही म्हणत नाही, पण तुम्ही स्वतःहून सांगितलंत. दुसरा कुणी बोलला नसता."

"नाही ताई, मी फार..."

"असू दे. एक विचारायचं होतं. तो काहीतरी विचित्र लिहितोय, मला अर्थ लागत नाही. तुम्हाला यंत्रातलं कळतं म्हणून." कागदाचा आवाज आला. "मी लिहून घेतलंय. 'एवढे दिवस कुणीतरी मोजत होतं. काल दार उघडल्यासारखं वाटलं. मी विचारलं, कोण तिकडे. त्यांनी ऐकलं आणि बंद केलं.' तीनदा तेच लिहिलंय. मी म्हटलं, दादा, स्वप्न पडलं असेल. तर फार चिडला. असं काही होऊ शकतं का हो? तुमच्या बाजूला काही कळलं होतं का?"

दारात बायको उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाठ केली.

"नाही हो ताई," ते म्हणाले. "मला काहीच कल्पना नाही."

"तेच म्हटलं मी." बाई हसल्या. मग फोनपासून दूर होऊन म्हणाल्या, "काय रे दादा? हो, तेच आहेत, मास्तर. स्पीकरवर आहेत, तुला ऐकू आलं ना?" आणि पुन्हा जवळ येऊन, "थांबा हं जरा. तुमचा आवाज ऐकल्याबरोबर अंगठा हलवायला लागलाय. काहीतरी म्हणायचंय त्याला. फोन ठेवू नका."

पलीकडे बीप वाजला. ओळ ठरली.

मास्तरांचा अंगठा फोन बंद करायच्या खुणेवर जाऊन टेकला होता. तो त्यांनी उचलला आणि फोन कानाला लावून ते उभे राहिले. पहिलं अक्षर यायला मिनिटभर लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.